आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे : जुनी जीप घरी दुरुस्त करताना

(खडवली येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



सुरुवातीलाच सांगतो, मी मेकॅनिक नाही. हौशी माणूस आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक 1968 सालची जीप उघडून बसलो आणि ती पुन्हा रस्त्यावर यायला मला चार वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं मी चुकीच्या क्रमाने काम केलं म्हणून गेली. आज मी मुख्यतः त्या क्रमाबद्दल बोलणार आहे. पाना कसा धरायचा हे कुणीही शिकवेल. पण आधी काय उघडायचं आणि काय अजिबात उघडायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी चूक अशी. जीप घरी आली, मी तिला धुतलं आणि पहिलं काम काय केलं, तर रंग दिला. गावात सगळे बघायला आले, फोटो काढले. पंधरा दिवसांत चासीवरचा नवा रंग फुगून पापुद्रे निघायला लागले. कारण मास्टर सिलिंडर गळत होता आणि ब्रेक ऑइल रंग खातं. ते मला रंगाचं दुखणं वाटलं, म्हणून मी पुन्हा रंग लावला. पुढच्या आठवड्यात नदीकडे जाणाऱ्या उतारावर ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला. हँडब्रेक ओढला म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. गाडी दोन आठवडे ओरडून सांगत होती की ब्रेक जातोय आणि मी ब्रश घेऊन फिरत होतो.

म्हणून माझा क्रम आता असा आहे : आधी कागद, मग थांबणं, मग वळणं, मग चालणं आणि सगळ्यात शेवटी दिसणं.

ही गाडी नक्की कुठली?

आपल्या भागात 'जीप' म्हटलं की सगळं एकच वाटतं. वन खात्याची, बीडीओ साहेबांची, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी, सगळ्या जीपच. पण सुटे भाग आणायला गेलात की पहिला प्रश्न येतो, कुठली जीप?

मूळ गाडी दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून जास्त बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य लोकांसाठी काढली, तिचं नाव सीजे. आपल्याकडे 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीजच्या जीपा सुट्या भागांत जहाजाने यायच्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. हळूहळू भाग इथेच बनायला लागले.

ओळखायची सोपी खूण म्हणजे समोरची जाळी. युद्धातल्या विलीजच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी सीजेला सात. आणि बॉनेटची उंची बघा. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती सीजे-3बी, तिचं बॉनेट उंच, जरा कपाळ पुढे आल्यासारखं. त्याला कारण आहे. युद्धातल्या 'गो डेव्हिल' इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. ते बसवायला बॉनेट वर उचलावं लागलं. दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची आणि साधारण 2.2 लिटरचीच.

हे माहीत असलं की फसवणूक टळते. उंच बॉनेटची गाडी कुणी 'महायुद्धातली आहे हो' म्हणून विकायला लागला, तर तुम्ही हसून चहा पिऊन परत येऊ शकता.

आधी कागद

जुन्या जीपांच्या बाबतीत एक गोष्ट फार झाली आहे. एका गाडीची चासी, दुसरीची बॉडी, तिसरीचं इंजिन आणि चौथीचं आरसी बुक. म्हणून पैसे देण्याआधी चासीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी ताडा. इंजिन नंबरही तसाच. नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. सगळी दुरुस्ती घरी करता येते, पण चासी नंबर 'दुरुस्त' करणं हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट 2021 च्या नियमांची. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जास्त झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढचं नूतनीकरण 5,000 रुपये. नव्याने नोंदणी झाली तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

पण त्यात एक अट आहे आणि ती आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे हौसेने तुम्ही चासी कापून लांब केलीत किंवा दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलंत, तर 'व्हिंटेज' म्हणवून घेण्याचा हक्क तुम्ही स्वतःच्या हाताने घालवला. आणि व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. ज्यांना नेहमी वापरायची आहे त्यांनी साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून घ्यावी. कुठला रस्ता धरायचा हे उघडण्याआधी ठरवा, कारण त्यावर काय बदलायचं आणि काय ठेवायचं हे ठरतं.

उघडण्याआधी

प्रत्येक भागाचे उघडण्यापूर्वी चार बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्टसाठी मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले, प्रत्येकावर चिठ्ठी : 'पुढचं डावं चाक', 'रेडिएटर'. एका वेळी एकच जागा उघडायची. गावोगावी शेडमध्ये ज्या जीपा मेलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच गंजाने मेलेल्या नाहीत. त्या एकदम सगळ्या उघडल्या गेल्या आणि मालकाला पुन्हा जोडता आल्या नाहीत.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट सुटत नसतील तर जोर लावण्याआधी थांबा. जुन्या जीपांत डाव्या चाकांना उलट्या आट्याचे नट असतात. मी नळीचा टेकू लावून एक बोल्ट तोडला, तेव्हा कळलं.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जीपचा हँडब्रेक आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखा मागच्या चाकांत नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर बसवलेल्या एका ड्रमवर असतो. उतारावर मला त्यानेच वाचवलं, कारण ब्रेक ऑइलशी त्याचा संबंधच नाही. पण हाच हँडब्रेक घरी काम करताना जीव घेऊ शकतो. कसं बघा. हँडब्रेक ओढला की शाफ्ट थांबतो. शाफ्टच्या पुढे डिफरन्शियल आहे आणि डिफरन्शियलचं कामच हे की एक चाक एका दिशेने फिरलं तर दुसरं उलट दिशेने फिरू शकतं. तुम्ही मागचं एक चाक जॅकवर उचललंत की ते हवेत मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं चाकही मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी जॅकवरून घसरते. म्हणून उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावा आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. लोखंडी घोडी लावा, मगच आत जा.

थांबणं

जीपचे ब्रेक साधे आहेत. चारही चाकांना ड्रम आणि मध्ये एकच मास्टर सिलिंडर. 'एकच' हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. जीपमध्ये कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून इथे 'अजून चालेल' हा शब्द नको.

चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडा. आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर नुसतं रबर किट बदलून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. रबरी होस बाहेरून छान दिसले तरी आतून फुगतात. मग दाब जातो पण परत येत नाही, ब्रेक जाम राहतो आणि माणूस बिचाऱ्या शूला दोष देतो. सगळे होस नवे घाला. लोखंडी नळी गंजली असेल तर ब्रेकचीच नळी आणा. फ्रीज-एसीची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून काही जण घालतात. ती गाडीच्या थरथरीने कडक होते आणि तडकते.

ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच घालायचं. इंजिन ऑइलचा थेंब गेला तरी सगळी रबरं फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे चार महिने हवेत ओलच असते. म्हणून उघडलेली बाटली वर्षभर फळीवर ठेवून वापरू नका. आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर तोंडाने फुंकर मारू नका, हवेच्या प्रेशरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

वळणं

जुनी जीप चालवताना खड्डा लागला की कधीकधी पुढची दोन्ही चाकं थडथड नाचायला लागतात, स्टीअरिंग हातातून सुटतं. लोक म्हणतात, 'बॅलन्सिंग करून घ्या.' बहुतेक वेळा दुखणं किंगपिनमध्ये असतं. पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याच्या वर-खाली बेअरिंगं असतात आणि ती पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम घालून घट्ट केलेली असतात. ती झिजली की चाक डुगडुगतं.

तपासायला सोपं आहे. पुढचं चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखड आली तर दुसऱ्याला पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. पेडल दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिन. त्यानंतर स्टीअरिंगच्या दांड्यांची टोकं आणि मधला बेलक्रँक बघा. स्टीअरिंग सैल लागतं म्हणून स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळत बसू नका. सैलपणा दुसरीकडे असतो आणि बॉक्स मात्र जड होऊन झिजतो.

चालणं

इंजिन उघडण्याची घाई करू नका. आधी बंद इंजिनाची तपासणी. बरीच वर्षं उभी असेल तर प्लग काढून चारही भोकांत थोडं थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, मग हँडलने हळू फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिनाने उलट झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो. आमचे वडीलधारे हे न सांगताच हँडल हातात द्यायचे!

इंजिन फिरलं की कॉम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडरांत 10 पौंडांपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्याशा चाचणीने माझं पूर्ण ओव्हरऑइलिंग वाचलं. नुसते व्हॉल्व्ह बसवून घेतले.

मग स्पार्क आणि पेट्रोल. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, फायरिंगचा क्रम 1-3-4-2. पेट्रोलच्या टाकीत गंज असतोच, ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते, काढून साफ करा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि पंपाचा जुना पडदा त्याने सुजतो, म्हणून हे दोन्ही नवे घाला.

फोर बाय फोरचं थोडं सांगतो, कारण इथे गैरसमज फार. जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताळमेळ घालणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. माती किंवा रेती असेल तर चाकं थोडी घसरून हिशोब पुरा करतात. डांबरावर घसरत नाहीत, मग शाफ्ट पीळ खात जातात, लिव्हर अडकतो, शेवटी काहीतरी तुटतं. लिव्हर अडकला तर ओढाताण करू नका. थोडी गाडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर बोटाने येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावायचंच नाही.

शेवटी दिसणं

जीपचा पत्रा सपाट आहे, हे आपलं नशीब. आजच्या गाडीचा दरवाजा घरी बनवता येणार नाही, जीपची फरशी बनवता येते. वेल्डिंगआधी टाकी बाहेर, बॅटरी बाहेर. फरशी कापण्याआधी बॉडीला आतून आडवे-तिरपे अँगल टाचून घ्या, नाहीतर उघडी बॉडी पसरते आणि मग काहीच जुळत नाही.

लहान गंजलेल्या भागांसाठी घरगुती उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू साध्या लोखंडाच्या तुकड्याला, दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. दोन पथ्यं : यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळ्यात ठेवली तर आतून गंज चढतो, कारण प्रायमर ओल शोषतो. म्हणून पत्र्याचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि वरचा रंग मेअखेर झालाच पाहिजे.

काढलेल्या ऑइलचं काय करता, हे मी प्रत्येकाला विचारतो. आपल्या खडवलीच्या खाली भातसेवर पिसेचा बंधारा आहे, तिथून मुंबईला प्यायचं पाणी जातं. ऑइल डब्यात भरून ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. गाडी नदीत नेऊन धुऊ नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*सुटे भाग मिळतात का?*

मिळतात, हीच या गाडीची खरी श्रीमंती. महिंद्राने याच साच्याच्या गाड्या इतकी वर्षं बनवल्या की बहुतेक भाग आजही नवे मिळतात. मी कल्याणहून लोकलने कुर्ल्याला जायचो आणि लगेजच्या डब्यातून स्प्रिंगच्या पट्ट्या आणायचो. फक्त जुना भाग सोबत न्या, तोंडी वर्णनावर घेऊ नका.

*माझ्या वडिलांच्या जीपला आधीच डिझेल इंजिन टाकलेलं आहे. काढून पुन्हा पेट्रोल घालू का?*

आधी आरसीवर काय आहे ते बघा. बदलाची नोंद झालेली असेल तर गाडी कायद्याने डिझेल आहे. नोंद नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तो बेकायदा फेरफार ठरतो, आणि त्याचा निकाल आरटीओत जाऊनच लावावा लागेल. पण मनाचं विचाराल तर, वडिलांनी ते इंजिन टाकून वीस वर्षं शेती केली असेल, तर तोही त्या गाडीचा इतिहासच आहे. व्हिंटेज नोंदणीच हवी असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर ब्रेक आणि किंगपिन करा आणि तिच्यात बसून वडिलांना फिरवून आणा.

*खर्च किती येतो?*

मी गाडी घेतली त्याच्या दुपटीहून जास्त गेला आणि त्यातला मोठा भाग दोनदा रंगवण्यात गेला. क्रम पाळला असता तर एकदाच रंगवली असती.

*सुरुवात कुठून करू? गाडी दहा वर्षं उभी आहे.*

उद्या सकाळी फक्त दोन गोष्टी करा. चासी नंबर साफ करून वाचा. आणि चारही ड्रम उघडून ओल्या फडक्याने पुसून आत बघा. त्या दिवशी बाकी कशाला हात लावू नका.